बांधापलीकडचा गेरू

पनवेल, ९ मार्च २०२५

ती. सोमेश्वर मामा,

तुम्हाला आणि नंदामामींना नमस्कार. पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. फोन केला की मामी उचलतात, आणि मामींशी बोलून झालं की तुमच्याशी बोलायचं राहूनच जातं. शिवाय तुम्ही पोस्टातून निवृत्त झालात, पण पोस्टावरचा तुमचा विश्वास अजून नोकरीत आहे, असं आई सांगते.

माझा पाय मोडला आहे. समुद्राच्या तळाखालचे थर मी रोज बघते, पण ऑफिसच्या जिन्याची शेवटची पायरी मला दिसली नाही. पायात सळई घातली आहे आणि जून संपेपर्यंत प्रवास बंद. नाहीतर मीच आले असते.

मी काय काम करते ते तुम्ही माझ्या लग्नात सासऱ्यांना एका वाक्यात सांगितलं होतं : "पोरगी समुद्रात बोअर मारती." बरंचसं बरोबर आहे. बोअर मारायच्या आधीचं काम माझं. जहाजावरून पाण्यात आवाज सोडतात, तो तळाखालच्या दगडांना धडकून परत येतो, आणि त्या प्रतिध्वनीवरून खाली काय असेल त्याचं चित्र आम्ही काढतो. कलिंगडावर टिचकी मारून आतलं ओळखावं तसं, फक्त हे कलिंगड दोन किलोमीटर पाण्याखाली असतं. चित्र ढोबळ असतं. दहा मजली इमारतीएवढ्या जाडीची आमच्याकडे एक रेघ होते. त्या रेघेच्या पोटात काय आहे ते कळायला जमिनीवर तसाच खडक कुठे उघडा पडला असेल तर तो जाऊन बघायचा असतो.

आमच्या सध्याच्या जागी, पश्चिमेच्या खोल समुद्रात, खाली आपल्याकडचाच काळा पाषाण आहे. लाव्हाचे थर एकावर एक. त्यातल्या भोकाभोकाच्या मांजऱ्या खडकात वायू साठलेला असावा असा आमचा अंदाज आहे, आणि त्यावर गेरूचा तांबडा थर झाकणासारखा बसला आहे. झाकण सलग असेल तर वायू आत आहे. फाटकं असेल तर तो कधीच उडून गेला. माझ्या चित्रात ते सलग दिसतं. पण आमच्या समितीनं विचारलं, असा सलग गेरू जमिनीवर कुठे पाहिलाय का? मला एकदम तुमची विहीर आठवली. लहानपणी काठावर पालथं पडून आत बघायचे तेव्हा मधोमध तांबडा पट्टा दिसायचा. थोरल्या कडूबामामांच्या विहिरीतही होता असं वाटतं, पण नक्की आठवत नाही.

गावातल्या बाकीच्या विहिरी बांधून काढल्या किंवा बुजल्या, तुमच्या दोघांच्याच तेवढ्या उघड्या खडकातल्या राहिल्या, असं आई म्हणाली. तर मला दोन्ही विहिरींचे फोटो हवेत. आत एक दोरी सोडायची, दोरीला हाताहातावर गाठ, म्हणजे माप कळेल. समिती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बसेल. माझ्या सांगण्यावरून समुद्रात विहीर कुठे घ्यायची ते ठरेल. माझ्या नावावरची ही पहिलीच, मामा. रात्री त्या रेघा डोळ्यांसमोर येतात.

तुमची,
अक्षता


वडीगोद्री, २९ मार्च

चि. अक्षता,

आशीर्वाद. पत्र चार दिवसांत पोचलं. आमच्या वेळी तीन लागायचे.

नंदाचं म्हणणं, पाय मोडल्याचं तिला फोनवर का सांगितलं नाहीस. मी म्हणालो, तू बोलू दिलं असतंस का? त्यावर ती अजून बोलते आहे.

फोटो सोबत पाठवत आहे. हायवेवर भिवाचा स्टुडिओ आहे. तो लग्नं आणि पासपोर्ट करतो, विहीर पहिल्यांदाच. पहिले फोटो घेऊन आला तेव्हा खडक चांगला पांढराफेक दिसत होता. विचारलं तर म्हणाला, "काका, आमच्याकडं कुणी बी येवो, थोडं गोरं करूनच देतो." मी म्हणालो, हा काळा पाषाण आहे, ह्याला स्थळ बघायचं नाही. मग त्यानं पुन्हा काळा केला.

फोटो क्रमांक १, माझी विहीर. गेरू काठापासून बावीस हातांवर, जाडी एक हात. फोटो क्रमांक २, बांधापलीकडील खातेदार श्री. कडूबा यांची विहीर. गेरू बावीस हातांवर, जाडी एक हात.

तुझं काम ह्यात भागावं. मोसंबीला पाणी पुरवून वापरतो आहे. तुला एवढ्या पाण्याखालचं दिसतं आणि मला विहिरीत पाणीच दिसत नाही, हा ज्याच्या त्याच्या नोकरीचा भाग आहे.

तुझा,
सोमेश्वर मामा


पनवेल, ६ एप्रिल

ती. मामा,

मी पलंगावर बसल्या बसल्या ओरडले, शेजारच्या काकू धावत आल्या. दोन विहिरींत दोनशे फुटांचं अंतर, आणि गेरू तंतोतंत एका खोलीवर, एका जाडीचा! इतकं जुळलेलं मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं. आमचे अवधूत सर कौतुक फार जपून वापरतात. ते दोन मिनिटं फोटो बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे." एवढं त्यांनी गेल्या वर्षी कुणालाच म्हटलं नव्हतं.

दोन्ही फोटो अहवालात शेजारी शेजारी लावले आहेत. खाली लिहिलं आहे : गेरूचा थर सलग, ठिकाण वडीगोद्री, जिल्हा जालना. मसुदा समितीकडे गेलासुद्धा. कडूबामामांचे आभार माना. त्यांनाही लिहीन.

तुमची,
अक्षता


वडीगोद्री, १३ एप्रिल

चि. अक्षता,

आशीर्वाद. श्री. कडूबा यांना लिहिण्याची आवश्यकता नाही. आभार पोचले असं समज.

दुसऱ्या फोटोवर फार भर देऊ नये असं मला वाटतं. भिवा काही मोठा कारागीर नाही. पहिला फोटो चांगला आहे, तो मोठा करून लावावा. दोन फोटोंची गरज काय? आमच्या खात्यात एकाच अर्जाला दोन फोटो लागायचे, पण ते दोन्ही एकाच माणसाचे असत.

पाय उशीवर ठेवत जा.

सोमेश्वर मामा


पनवेल, २० एप्रिल

ती. मामा,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी दोन्ही फोटो पुन्हा काढले आणि भिंग घेऊन बसले.

फोटो एकमध्ये पाण्यावर नंदामामी घालतात तसली एक निळी चप्पल तरंगते आहे. फोटो दोनमध्येही पाण्यावर एक निळी चप्पल तरंगते आहे.

हे कसं काय, ते कृपया कळवावं.

अक्षता


वडीगोद्री, २५ एप्रिल (पोस्टकार्ड)

चि. अक्षता,

चपला जोडीनंच असतात. एक माझ्या विहिरीत पडली, दुसरी त्यांच्या. वाऱ्याचं काही सांगता येत नाही.

सो. मामा


पनवेल, ३० एप्रिल

ती. मामा,

दोन्ही डाव्या पायाच्या आहेत.

तुम्ही एकाच विहिरीच्या दोन भिंतींचे फोटो पाठवलेत. एका विहिरीतला गेरू स्वतःशी जुळणारच. आणि त्यावर मी तिथे समुद्रात विहीर घ्या म्हणून लिहून दिलं आहे. गेरू मधे कुठे तुटत असेल तर ती विहीर कोरडी जाईल, आणि का गेली ह्याचं उत्तर म्हणून त्या अहवालात माझी सही आणि नंदामामींची चप्पल असेल.

मला तुमचा राग आला आहे. खोटं बोललात म्हणून आला तेवढाच, मी विचारल्यावरही वाऱ्यावर ढकललंत म्हणूनही आला. दोनशे फूट चालून जायचं होतं, मामा. तेवढंही का नाही गेलात?

अक्षता


वडीगोद्री, ६ मे

चि. अक्षता,

तुला राग आला तो बरोबर आहे. मी चूक केली. आता का केली ते ऐक.

श्री. कडूबा आणि मी आठ वर्षं बोलत नाही. कारण तुला सांगायचं नाही असं तुझ्या आईनं बजावलं होतं, म्हणून सांगत नाही. चूक माझी नव्हती एवढं लिहितो. वेळ जात होती आणि कुणीतरी पुढे होणं भाग होतं.

तरी मी मिटवायला गेलो होतो. चार वर्षांमागे, पाडव्याच्या दिवशी. नवं धोतर नेसून बांधावर उभा राहिलो. तो मोसंबीला पाणी देत होता, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारली, "दादा." मग पुन्हा, "ओ दादा." तिसऱ्यांदा तर इतक्या मोठ्यानं की हायवेवरची माणसं थांबून बघायला लागली. त्यानं मान वळवली नाही. फावड्यानं दारं मोडलं, दुसऱ्या वाफ्यात पाणी सोडलं आणि चालता झाला. लहान भाऊ सणाच्या दिवशी गावासमोर तीन हाका मारतो आणि थोरला ढुंकून बघत नाही. त्या दिवशी हॉटेलात चार माणसांत मी बोलून गेलो, की ह्याच्या शेतात आता मेल्यावरही पाय ठेवणार नाही.

असं बोलल्यावर गावात राहणाऱ्या माणसाला कसं जाता येईल? तू सांग त्या भिंतीचा फोटो काढतो. पण ते सांगू नको.

सोमेश्वर मामा


पनवेल, ११ मे

ती. कडूबामामा,

नमस्कार. मी अक्षता, तुमच्या ताराची मुलगी. लग्नानंतर तुम्हाला कधी लिहिलं नाही, ह्याची लाज वाटते.

मला तुमच्या विहिरीतल्या गेरूचं माप पाहिजे. माझ्या नोकरीतलं एक मोठं काम त्याच्यावर अडलं आहे. सोमेश्वरमामा तुमच्या शेतात यायला तयार नाहीत. कारण ते सांगत नाहीत आणि आईही सांगत नाही. तुम्ही सांगाल का? माप नसेल द्यायचं तर नका देऊ, पण कारण सांगा.

तुमची,
अक्षता


वडीगोद्री, १८ मे

अक्षता बाय,

आशीर्वाद. मी सांगून राह्यलो आन आमची सून वंदना लिहून राह्यली.

माझी विहीर कुणालाच बंद न्हाई. सोम्याला बी न्हाई. पर मी त्याला बोलवनार न्हाई आन त्यो येनार न्हाई.

तुला कारन पायजे. तुझ्या लग्नात मामानं नवरीला मांडवात आनायचं असतंय. थोरला मामा मी. त्यो मान माझा. जालन्याला कार्यालयात मी फेटा बांधायला बसल्तो. फेटेवाल्यानं दोनदा बांधला, दोनदा मी सोडाया लावला, कारन मला पाठीवर टोक लांब पायजे व्हतं. पोरीचं लग्न रोज रोज होत न्हाई. तवर भटजींनी पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या. मी उठून आलो तं सोम्या तुला घेऊन चाल्ला व्हता. मी दारात, फेट्याचं टोक हातात धरून उभा. मंगलाष्टकं सुरू झाल्ती. तू लय गोड दिसत व्हती. तुला हिरवी साडी मीच घेतल्ती, ती नेसली व्हती. मी तितूनच अक्षता टाकल्या आन घरी निघून आलो. जेवलो बी न्हाई.

त्यानं मंग घरी येऊन, दादा चुकलं, एवढं म्हनायचं व्हतं. त्यो कवाच आला न्हाई.

माप घ्यायला कुनालाबी पाठव. जल्दी पाठव, पावसाचं पानी लागायच्या आत.

कडूबा

(ताई, मामंजींनी सांगितलं ते बराबर तसंच लिहिलं आहे. फक्त 'जेवलो न्हाई' हे पूर्ण खरं नाही. बसमध्ये त्यांनी पिशवीतल्या सात पुऱ्या खाल्ल्या, असं सासूबाई सांगायच्या. तुमचं पत्र मी त्यांना अंगणात वाचून दाखवलं, त्यामुळे शेजारच्या तीन घरांनाही कळलं आहे. माफ करा. वंदना)


पनवेल, २३ मे

ती. कडूबामामा आणि ती. सोमेश्वरमामा,

हे एकच पत्र दोन वेगळ्या पाकिटांतून दोघांना पाठवते आहे. अक्षरन् अक्षर सारखं आहे, विश्वास नसेल तर पडताळून बघा. बांधावर उभं राहून बघता येईल.

माझ्या लग्नात तुम्ही दोघं माझ्यावरून भांडलात आणि मला आठ वर्षं पत्ता नाही. मी तेव्हा खाली मान घालून चालत होते, कोणत्या मामाचा हात आहे हेही मी पाहिलं नव्हतं. मला दोन्ही हात चालले असते. हे लिहिताना मला रडू येतं आहे, पण ते नंतर. आधी गेरू.

जमीन ओढ्याकडे उतरती आहे, म्हणून नुसतं काठापासून मोजून भागणार नाही. दोन्ही विहिरींवर एकाच पातळीची खूण हवी. गवंडी नळीत पाणी भरून पातळी काढतात, तसंच करायचं. ठिबकची लांब नळी घ्या, दोन्ही टोकांना पारदर्शक नळीचा हातभर तुकडा जोडा, पाणी भरा. एक टोक सोमेश्वरमामांनी आपल्या विहिरीवर धरायचं, दुसरं कडूबामामांनी आपल्या. दोन्हीकडचं पाणी हलायचं थांबलं, की ते जिथे आहे तिथे काठावर खूण करायची. त्या खुणेपासून खाली गेरूपर्यंत दोरीनं मोजायचं, चारही भिंतींवर. भिवाला फोटो काढू द्या. चप्पल आधी काढून घ्या.

कुणालाही बांध ओलांडायचा नाही. चौघांचे आठही पाय आपापल्या शेतात राहतील (नंदामामी आणि वंदनावहिनी धरून म्हणते आहे, नाहीतर पायांचा हिशोब लागणार नाही). बोलायचं मात्र आहे. एकानं विचारायचं, "थांबलं का?" दुसऱ्यानं म्हणायचं, "थांबलं." ह्याहून जास्त काही बोलू नका.

समिती १२ जूनला आहे. तोवर माप आलं नाही तर मी अहवाल मागे घेणार आहे, आणि का घेतला ते सांगणार आहे.

तुम्हा दोघांची,
अक्षता


वडीगोद्री, १ जून

चि. अक्षता,

विषय : मोजणीबाबत.

दिनांक ३१ मे रोजी सकाळी तू कळवल्याप्रमाणे नळी लावून मोजणी पूर्ण केली. पहिल्या प्रयत्नात काही कारणानं नळीतलं पाणी सांडलं. दुसरा प्रयत्न बरोबर झाला.

माझी विहीर : खुणेपासून (काठावर काठी रोवून केली, ती काठाच्या हातभर वर आली) गेरू तेवीस हात, चारही भिंतींवर, जाडी एक हात. श्री. कडूबा यांची विहीर : माझ्याकडच्या भिंतीवर गेरू पंचवीस हातांवर, जाडी चार बोटं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तो निमुळता होत संपतो. पलीकडच्या भिंतीवर गेरू बिलकुल नाही. तिथे वरचा काळा पाषाण थेट खालच्या मांजऱ्यावर बसलेला आहे.

भिवाचे आठ फोटो सोबत. प्रत्येकावर पाठीमागे विहिरीचं नाव आणि दिशा लिहिली आहे, त्याखाली दोघांच्या सह्या आहेत.

म्हणजे तुझं झाकण फाटकं निघालं. वाईट वाटतं.

सोमेश्वर मामा


पनवेल, १४ जून

ती. मामा,

परवा समिती झाली. मी कुबडी घेऊन उभी राहिले आणि सांगितलं, की मसुद्यातला दुसरा फोटो चुकीचा होता, आणि खरं माप बघता गेरू दोनशे फुटांत दोन हात खाली उतरतो आणि संपतो. मग माझं समुद्रातलं चित्र पुन्हा लावलं. जी एक रेघ मी सलग म्हणून ओढली होती, ती तशाच तुकड्यांची बनलेली असू शकते. दोन तुकड्यांमधली फट आमच्या आवाजाला दिसतच नाही. जिथे ठाऊक नव्हतं तिथे मी सरळ जोडून टाकलं होतं.

एका साहेबांनी विचारलं, ह्या विहिरी कुणाच्या? म्हटलं, माझ्या मामांच्या. त्यांनी विचारलं, मामा विश्वासू आहेत का? म्हटलं, एकेकटे नाहीत सर, पण आता दोघांच्या सह्या आहेत.

माझी जागा रद्द झाली. अवधूत सर म्हणाले, कागदावर कोरडी गेली हे स्वस्तात पडलं. ते बरोबर आहे, पण लिफ्टमध्ये मी रडले. पहिली विहीर माझ्या नावावर होणार होती, मामा. आता सगळ्या रेघा पुन्हा पहिल्यापासून बघायच्या आहेत, आणि ते काम त्यांनी मलाच दिलं आहे. त्यातल्या त्यात तेवढं बरं.

आता मला सांगा, पहिल्या वेळी पाणी कसं सांडलं? वंदनावहिनींना फोन केला तर म्हणाल्या, "ते त्यांनाच विचारा." आणि मामी फोनवर चक्क गप्प होत्या. मी घाबरले आहे.

तुमची,
अक्षता


वडीगोद्री, २१ जून

चि. अक्षता,

आशीर्वाद. घाबरू नको. मोजणीच्या कागदात हे बसत नव्हतं म्हणून लिहिलं नव्हतं.

तू सांगितलंस तसा मी माझ्या काठावर नळी धरून बसलो. तो त्याच्या. मधे बांध आणि मोसंबीच्या चार ओळी. माझ्याकडचं पाणी थांबलं. मी आवाज दिला, "थांबलं का?" उत्तर नाही. पुन्हा दिला. तो नळीकडे बघत तसाच बसलेला. तिसऱ्यांदा ओरडलो, आणि मला तो पाडवा आठवला. म्हणालो, झालं, आज पुन्हा चारचौघांत माझी शोभा करतो. माझं टाळकं फिरलं. नळी दिली फेकून. पाणी तेव्हा सांडलं. आठ वर्षं जे बोलायचं साठवलं होतं ते आज तोंडावर बोलून मोकळं व्हायचं ठरवलं आणि तसाच बांध ओलांडून गेलो. पाय ठेवायचा नव्हता वगैरे काही लक्षात राहिलं नाही.

मी अगदी मागे जाऊन उभा राहिलो, ओरडलो, तरी त्यानं वर बघितलं नाही. नळीत पाणी जिथे थांबलं होतं तिथेच बोट टेकवून, डोळ्याची पापणी न हलवता बसला होता. माझी सावली नळीवर पडली तेव्हा दचकला. म्हणाला, "का रं सोम्या, आवाज द्यायचा न्हाईस का? मी कवाचा थांबून राह्यलो."

मी वंदनाकडे बघितलं. ती म्हणाली, "मामंजींना पाच वर्षं झाली दोन्ही कानांनी ऐकू येत न्हाई, अगदी कानात बोललं तरच कळतं. तुम्हाला ठाऊक न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं, अक्षता. दोनशे फुटांवर राहतो मी. नंदालाही नव्हतं, म्हणून ती गप्प आहे. पोस्टात असताना आख्ख्या गावाची खबर माझ्याकडे असायची. माझा भाऊ बहिरा झाला आणि ते मला कळायला पाच वर्षं लागली. पाच वर्षं म्हणजे त्या पाडव्याच्या आधीपासून. मी ज्या पाठीवर चार वर्षं दात खाल्ले, तिला माझी हाक पोचलीच नव्हती.

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. भिवानं त्याचा फोटो काढला, तो मी त्याला पुसायला लावला. कडूबाला काही कळेना. तो म्हणत होता, "आरं, पानी सांडलं तं सांडू दे. परत भरू. त्याला रडतो का?"

मग मी त्याच्या कानाला तोंड लावून म्हणालो, "दादा, मी पाडव्याला हाक मारल्ती. तीनदा."

"कवा?"

"चार वर्षांमागं. बांधावरून."

त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखाच, खेकसल्यासारखा.

"मंग जवळ येऊन मारायची न्हाई का, येड्या," तो म्हणाला, आणि सरकून मला काठावर जागा करून दिली.

तुझा,
सोमेश्वर मामा